रंभा मिस आता शिकवत नाहीत

शारजा
१२ एप्रिल २००२, शुक्रवार

चि. समिधा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम सांगते.

हे पत्र सुरेशरावांच्या कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत पडणार, म्हणजे तुझ्या हाती येण्याआधी त्यांच्या ऑफिसातली दोन-चार माणसं ते उलटसुलट करून बघणार. बघू देत. फोन केला तर तुझी अस्मी "मम्मा इज नॉट होम" म्हणते आणि मागून मला तुझा आवाज ऐकू येतो. आमच्या कॉन्व्हेंटात खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर चॅपेलच्या पायऱ्या पुसायला लावत. आठ वर्षांच्या पोरीला कोण लावणार? लावायच्या तर तुलाच लावायला हव्यात.

तुझ्या आईचा व्हिसा जूनअखेर संपतो. शाळा तो वाढवणार नाही. पासष्ट झाली की वाढत नाही म्हणतात. चेअरमनसाहेबांनी आपल्या मेव्हण्याचा वाढवून घेतला, पण मेव्हणा नववीला गणित शिकवत नाही, तेव्हा त्याची गोष्ट वेगळी असेल.

पासष्ट कागदावर. खरी ती त्रेसष्टचीच आहे. देवरुखच्या शाळेत घालताना तिथल्या गुरुजींनी ती आणि तिचा थोरला भाऊ एकाच वर्गात बसावीत म्हणून तिचं वय दोन वर्षांनी वाढवलं आणि वाढदिवस टाकला एक जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण त्या काळी जन्मतारीख आईबाप नव्हे, गुरुजी ठरवायचे. मी तिला म्हटलं, गावाहून दाखला मागव, प्रतिज्ञापत्र कर, दोन वर्षं पदरात पडतील. तर म्हणाली, "गुरुजींनी लिहिलं ते लिहिलं." आणि वह्या तपासायला बसली. मैत्रीण आहे माझी, पण या बाईच्या निष्ठेचा मला कधी कधी वीट येतो.

आता एकच वाट आहे. सुरेशरावांनी तिला आपल्या नावावर घ्यायचं. सासूचा व्हिसा काढायला खेटे घालावे लागतात, पण निघतो. आमच्या इमारतीत दोघींचा निघाला आहे. नाहीतर तिला देवरुखला जावं लागेल. तिथे भाऊ आता नाही. भावजय आहे, आणि तिनं पत्रात विचारलं आहे, "या की, किती दिवस राहणार?" असं विचारणाऱ्या घरात मी तासभरसुद्धा बसणार नाही.

तुझी बाजू मला माहीत नाही असं समजू नकोस. तुम्ही उम्म अल कुवैनला त्या दोन खोल्यांत राहत होतात तेव्हा जेवायच्या टेबलावर लोकांची पोरं भूमिती करत आणि तू ओट्याशी उभी राहून जेवायचीस, हे मी पाहिलं आहे. तू घरातही तिला चुकून "मिस" म्हणायचीस आणि तीही "येस" म्हणायची. अस्मीच्या वेळी तू हॉस्पिटलात होतीस आणि ती बोर्डाची परीक्षा आटोपून आली, तीसुद्धा पेपरांच्या गठ्ठ्यासकट. त्या दिवसापासून तू बोलणं सोडलंस. मी असते तर मीही सोडलं असतं. पण बोलणं सोडणं निराळं आणि आईला देशाबाहेर जाऊ देणं निराळं.

तिनं मला हे लिहायला सांगितलेलं नाही. ती तुझं नावही काढत नाही. अस्मीचा फोटो मात्र फ्रीजवर लावलेला आहे, तोही मी दिलेला.

उत्तर पाठव. आशीर्वाद.

उर्मिलामावशी

२४ मे २००२

चि. समिधा,

उत्तर नाही. ठीक आहे. मग निरोपसमारंभाची हकीकत ऐक, कारण तू आली नाहीस आणि कोणीतरी ती शुद्धीवर असताना सांगायला हवी.

काल शाळेच्या हॉलमध्ये झाला. मे महिन्यात, उम्म अल कुवैनमध्ये, एसी बंद पडलेला, आणि तुझ्या आईच्या अंगावर लोकरी शाल. मागे थर्माकोलची अक्षरं: "समर्पित जीवन". अक्षरांना चमकी लावली होती, ती तिच्या केसांत पडत होती. चेअरमन उशिरा आले. दोन फोन हातात. म्हणाले, "रंभा मिस सिर्फ टीचर नहीं, इन्स्टिट्यूशन हैं." इन्स्टिट्यूशनला बहुतेक व्हिसा लागत नसावा.

मग शहनाझ बोलली. तुझ्याच वर्गातली, आता तिच्या नवऱ्याचे दोन दवाखाने आहेत. रडत रडत म्हणाली, "मिस ने मुझे अपने घर बिठाकर पढ़ाया, अपने हाथ से खिलाया." तिनं खाल्लेल्या पोळ्या कोणाच्या वाटणीच्या होत्या ते मी तिथल्या तिथे उठून सांगणार होते. अनिलनं माझा पदर धरून ठेवला. गेली सदतीस वर्षं हा माणूस नेमक्या वेळी माझा पदर धरतो.

पुढे सगळे बोलले. एकानं तिला आई म्हटलं, दुसऱ्यानं देवी म्हटलं, तिसऱ्यानं मेणबत्ती. मेणबत्ती म्हणजे जी जळून संपली की लोक दुसरी लावतात, ती. इतक्या लोकांत एकानंही विचारलं नाही की मिस, एक जुलैला तुम्ही कुठे असाल. भेट काय दिली? चाकांची मोठी बॅग. ज्याला घालवून द्यायचं त्याला बॅग द्यायची, हे सुचायला डोकं लागतं.

आणि तुझी आई. तिला बोलायला सांगितलं तर माइकपाशी जाऊन म्हणाली, "थँक यू. जाताना खुर्च्या ओढू नका, उचला." संपलं भाषण. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, आणि खुर्च्या ओढतच बाहेर गेले.

गाडीत मी धुमसत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "यल्ला, चला, झालं एकदाचं."

मी म्हटलं, "रडू येत असेल तर रड, मी अनिलला पुढे बघायला सांगते."

"नाही येत," म्हणाली.

मला तिच्या त्या दगडी चेहऱ्याची चीड आली. आणि तुझी. आणि देवी म्हणणाऱ्या त्या माणसाची, त्याचं नाव मला आठवत नाही.

उर्मिलामावशी

८ जून २००२

समिधा,

तुझी अट मिळाली. इंग्रजीत टाइप करून पाठवलीस, ते बरं केलंस. घरभाड्याच्या करारासारखी वाटली, आणि तशीच आहे.

सुरेशराव व्हिसा काढतील. अल नहदाच्या तुमच्या फ्लॅटमध्ये तिला अस्मीच्या खोलीत जागा मिळेल. पण घरात एकही विद्यार्थी येता कामा नये. शिकवणी नाही, फुकट नाही, शेजारच्यांची नाही, "जरा एक गणित सांगा" म्हणणाऱ्यांची नाही. अस्मीचा अभ्याससुद्धा तिनं घ्यायचा नाही. मोडलं तर परत पाठवणार.

ही अट आहे की सूड? माशाला घरात घेते, पण पाण्याबाहेर ठेवीन, असं म्हणतेस तू. चाळीस वर्षं जी बाई मुलांशिवाय एक संध्याकाळ राहिली नाही, तिला अकराव्या मजल्यावर बसवून तू काय बघणार आहेस? तुझ्या ओट्याशी उभं राहून जेवण्याची भरपाई? मिळो तुला. मला किळस आली, हे लिहून ठेवते.

तरी मी तुझं पत्र तिला नेऊन दाखवलं, कारण देवरुखला भावजय वाट बघत नाहीये. तिनं चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "चालेल."

"नीट वाच," मी म्हटलं.

"वाचलं. चालेल."

"अस्मीचासुद्धा अभ्यास नाही म्हणते ती."

"अगं, चालेल म्हटलं ना. खलास."

एवढ्या लवकर कोणी हरू नये. मी तिला तोंडावर म्हटलं की तुला कणा नाही. ती बॅगेची चाकं फिरवून बघत होती. म्हणाली, "बॅग बरी आहे."

पुढच्या गुरुवारी आम्ही तिला आणून सोडतो. तू दार उघडायला असावंस एवढी अपेक्षा आहे. मोलकरणीनं उघडलं तर जे बोलायचं ते मी दाराशीच बोलेन.

उर्मिलामावशी

१८ ऑक्टोबर २००२

चि. समिधा,

मंगळवारी सकाळी तुमच्याकडे आले होते. तू ऑफिसात होतीस. आई बरी आहे. चहा घेतला, गप्पा झाल्या. तू निघताना तिला "येते गं आई" म्हणून जातेस असं ती म्हणाली. मिस नव्हे, आई.

तू फोनवर विचारलंस, ती सारखी गप्प का असते, खिन्न आहे का, मावशी, तुमच्याशी काही बोलली का. बोलली. ते तुला सांगण्यासारखं नाही, आणि काळजी करण्यासारखं तर मुळीच नाही. याहून जास्त विचारू नकोस. मी शब्द दिला आहे, आणि मला शब्द देण्याची सवय नाही, त्यामुळे तो सांभाळणं जड जातं.

उर्मिलामावशी

७ मार्च २००४

चि. समिधा,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. अनिल हातात देईल. तो दिल्यावर लगेच निघेल. त्याला चहाला थांबवू नकोस, त्याला रडणारी माणसं बघवत नाहीत.

आई जाऊन तीन आठवडे झाले. शुक्रवारी इथल्या मराठी मंडळाची शोकसभा. त्यासाठी तिच्या जीवनाचा लेख मी लिहून द्यावा असं तू म्हणालीस, आणि सोबत मंडळानं छापलेलं पत्रक पाठवलंस. वर पुन्हा तेच: समर्पित. जणू त्या थर्माकोलच्या अक्षरांची कोणी जपणूक केली होती.

लेख मी लिहायला घेतला होता. जन्म देवरुख, शिक्षण रत्नागिरी, कोकणात दहा वर्षं नोकरी, मग सोमनाथरावांच्या मागून आखातात. सगळं व्यवस्थित चाललं होतं. तेवढ्यात तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. शेवटच्या ओळी. "शहनाझ घरी आली होती. म्हणाली, टीचर को घर बिठा दिया, इसीलिए गईं. मावशी, ते खरं आहे. मी तिचं शिकवणं तोडलं. सकाळी अंथरुणातून उठायचीसुद्धा नाही. माझ्या अटीनं ती गेली."

मी लेख फाडला.

शहनाझला मी बघून घेईन, ते माझ्यावर सोड. तुला मात्र आता सांगते. शब्द मोडते. रंभा वर बसून रागावली तर रागावू दे, सव्वीस वर्षांच्या आमच्या मैत्रीत रागावण्याची पाळी माझीच होती.

त्या ऑक्टोबरच्या मंगळवारी मी आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. दार तिनं उघडलं. अंगात तुझा तो जांभळा गाऊन, केस मोकळे. मी तिला मोकळ्या केसांनी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आजारी आहे.

"काय गं, बरं नाही का? अजून गाऊनमध्ये?"

"शाळा नाही ना," ती म्हणाली.

मी सोफ्यावर बसले आणि सुरू झाले. तुझ्यावर. म्हटलं, ही मुलगी तुला मारून टाकणार आहे, मी तिच्याशी बोलते, निदान अस्मीला तरी शिकवू दे तुला. तुझी आई घाईघाईनं माझ्यापाशी येऊन बसली. हात धरला माझा. म्हणाली, "उर्मिला, तुझ्या पाया पडते. तिला काही सांगू नकोस. ती अट काढून टाकेल."

मला कळेना.

"मला मुलांचा आवाज सहन होत नाही," ती म्हणाली. "कधीच होत नव्हता."

मी म्हटलं, "रंभा, तू चाळीस वर्षं शिकवलंस."

"तुला भात लावायला आवडतो?"

"नाही."

"रोज लावतेस ना?"

"लावते."

"कच्चा राहतो कधी?"

"नाही."

"मग तसंच."

समिधा, मी पन्नाशीत शाळेची नोकरी सोडली ती मुलांचा कंटाळा आला म्हणून, आणि तेव्हापासून या बाईशी तुलना करून स्वतःला कमअस्सल समजत होते. मला इतका संताप आला की मी चहा न पिता उठणार होते. तिनं बसवलं आणि सगळं सांगितलं, अगदी बाजारहाटाचा हिशेब द्यावा तशा आवाजात.

सोमनाथराव साइटवर अपघातात वारले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तुम्हा दोघींचे व्हिसे त्यांच्या नावावर. चेअरमन घरी आले, म्हणाले, "आप फॅमिली हैं, हम वीज़ा देंगे." दिला. शाळेच्या नावावर तिचा आणि तिच्या नावावर तुझा. मग महिन्याभरानं त्यांच्या बहिणीचा मुलगा संध्याकाळी वही घेऊन आला. "ज़रा देख लीजिए." मग त्याचे मित्र. मग चेअरमनच्या ओळखीतल्या साऱ्यांची पोरं. शुक्रवारी बोर्डाचे जादा तास. दर वेळी व्हिसा नूतनीकरणाला आला की कोणाचं तरी पोर टेबलाशी येऊन बसायचं. नाही म्हटलं असतं तर? ते कोणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरज नव्हती.

"देवरुखला परत गेले असते," ती म्हणाली, "तर समिधाला दादा-वहिनींच्या दारात उभं करावं लागलं असतं. म्हणून टेबल दिलं. पोरीला ओट्याशी उभं केलं, पण ओटा आमचा होता."

मग मी अस्मीच्या वेळचं विचारलं. विचारायलाच हवं होतं. म्हणाली, "त्या वर्षी चेअरमनची मुलगी परीक्षेला होती. रजा मागितली. म्हणाले, ज़रूर जाइए, फिर हम सोचेंगे."

"तेव्हा समिधाचं लग्न झालेलं होतं. तिचा व्हिसा सुरेशच्या नावावर होता. तू जायला हवं होतंस," मी म्हटलं. मी कोणाला सोडत नाही, तिलाही सोडलं नाही.

"हो," ती म्हणाली. "पण माझा त्यांच्याकडे होता. माझा गेला असता तर मी तिच्यापासून समुद्रापार गेले असते. बोलत नसली तरी अर्ध्या तासावर होती."

एवढं बोलून ती उठली आणि चहाखालचा गॅस बंद करून आली.

त्या एक जूनचंही विचारलं मी. म्हणाली, "गुरुजींनी माझी दोन वर्षं माफ केली. मी ती परत मागायला जाऊ?" आणि हसली. हे हसू मी तिच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिलं. मी तिला निष्ठावान समजून वैतागत होते आणि ती एक-एक दिवस मोजत सुटकेची वाट बघत होती. गाडीत रडू येत नव्हतं, कारण खरंच येत नव्हतं. तुझी अट तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवली ती मानहानी म्हणून नव्हे. खाली शेजारीण कोणी "आन्टी, बेटे को थोड़ा मॅथ्स" म्हणाली की ती म्हणायची, "माझी मुलगी परवानगी देत नाही." एवढं सुख, म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणायला कोणीतरी मागे उभं आहे.

मी विचारलं, हे समिधाला का सांगत नाहीस? म्हणाली, "ती समजते मला शाळा तिच्याहून जास्त आवडायची. त्यावर तिला रागावता येतं. व्हिसासाठी म्हटलं तर बिचारी कोणावर रागावणार? स्वतःवर. नको." म्हणून मी शब्द दिला. आता तू रागावतेस ती स्वतःवरच, तेव्हा त्या शब्दाला काही अर्थ उरला नाही.

मी तुला खूश करायला हे लिहीत नाही. तुझ्या अटीत सूड होता, हे माझं मत कायम आहे. तो तिला मानवला, ही तुझी पुण्याई नव्हे, तिचं नशीब. आणि तिच्याही हिशेबात चूक होती: तिनं तुला निदान एकदा मोठेपणी समोर बसवून सांगायला हवं होतं. दोघीही सारख्याच हट्टी. पण तिला तू मारलंस असं शहनाझ म्हणत असेल, मंडळ म्हणत असेल, तर ते खोटं आहे, आणि ते ऐकून घेत बसू नकोस. माणसं स्वतः राबवलेल्या बाईला देवी म्हणतात, म्हणजे राबवल्याचं कोणी विचारत नाही. मग तिला घरी बसवणारी राक्षसीण ठरते. सोपं आहे.

शुक्रवारी मी येणार. बोलणार नाही. कोणी "समर्पित" म्हणालं तर उठून बाहेर जाईन, आणि अनिलला सांगून ठेवलं आहे की या वेळी पदर धरायचा नाही. बोलायचं असेल तर तू बोल. चांगली शिक्षिका होती म्हण, ते खरं आहे. तिच्या हाताखालून एकही पोर कच्चं सुटलं नाही. आवडीनं केलं असं म्हणू नकोस. काही न बोलता बसलीस तरी चालेल.

आणि सकाळी ती उठायची नाही त्याचं. तुला सांगायची ना, गुडघे धरतात म्हणून? तू डॉक्टर बदललेस, तेल आणलंस, गरम पाण्याच्या पिशव्या आणल्यास. तुम्ही तिघं बाहेर पडलात की ती कूस बदलून पुन्हा झोपायची, चांगली साडेनऊपर्यंत. तिचे गुडघे उत्तम होते.

तुझी
उर्मिलामावशी